पाणी आटले, तर राखण कोण करणार?

चुलीवर भाताचे आधण ठेवले आणि आपण अंगणात बोलत बसलो. पाणी आटले. भात करपला. टोपाचे बूड काळे झाले. असे कोणाच्या घरी झाले नाही?

टोप उघडा असतो. म्हणून गोष्ट करपण्यावर भागते. पण भांडे बंद असले, तर?

माझ्याच घरची हकीकत सांगतो. एकदा आम्ही कुकरमध्ये काळे वाटाणे शिजत घातले. पाणी कमी पडले. कुकर फार वेळ विस्तवावर राहिला. एकाएकी 'फस्स' असा आवाज झाला. झाकणावरचे बूच वितळून गेले होते. त्या बुचाला सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणतात. मी म्हटले, "बिघडलं हे!" नवे आणायला बांद्याच्या बाजारात जायचे. आज कोण जाणार? म्हणून मी त्या भोकात लोखंडी स्क्रू बसवू लागलो.

इतक्यात शेजारचे आजोबा आले. ते तरुणपणी रेल्वेत वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. ते ओरडलेच, "मास्तरानू, ह्यां काय करतास? ता बूच मरता म्हणान माणूस वाचता!"

त्यांचे म्हणणे खरे होते. कसे ते पाहू.

कागदाचा द्रोण करा. त्यात अर्धे पाणी भरा. पाण्याच्या बरोबर खाली मेणबत्तीची ज्योत धरा. पाणी तापते, पण कागद जळत नाही. का? ज्योतीची उष्णता पाणी ओढून घेते. द्रोण रिकामा असेल, तर तो लगेच पेट घेतो.

भांड्याचेही तसेच आहे. उघड्या भांड्यातले पाणी १०० अंशांवर उकळते. कुकरमध्ये वाफ कोंडते, म्हणून ते सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. पाणी आहे तोवर भांडे त्याच्या फार पुढे जात नाही. पाणी संपले की उष्णता भराभर चढते. मग बुचातली धातू आधी वितळते आणि वाफेला वाट मिळते. शिटीची नळी तुंबली, तरी हेच बूच वाट करून देते. तिथे स्क्रू असता, तर वाट मिळाली नसती. कुकर फुटला असता.

ही युक्ती जुनी आहे. १८०३ साली इंग्लंडात ग्रीनिच येथे रिचर्ड ट्रेव्हिथिक यांच्या इंजिनाचा बॉयलर फुटला. चार माणसे मेली. राखणीचा पोरगा मासे पकडायला गेला होता. त्यानंतर ट्रेव्हिथिक यांनी बॉयलरला शिशाचे बूच बसवले. शिसे ३२७ अंशांवर वितळते. पाणी खाली गेले की बूच उघडे पडे, वितळे, आणि वाफ आगीवर येई. आमचे आजोबा इंजिनात याच बुचाच्या भरवशावर कोळसा घालत.

थंड मुलखात घर उबदार ठेवायला बॉयलर असतो. आपली मराठी माणसेही तिकडे अशा घरांत राहतात. तिथल्या पुष्कळ वाफेच्या बॉयलरांत एक तरंगता गोळा असतो. आपल्या पाण्याच्या टाकीत असतो, तसाच. पाणी कमी झाले की गोळा खाली बसतो आणि आग आपोआप बंद होते.

आपल्याकडे आता न्हाणीघरात विजेचा गिझर आला आहे. त्यात थंड पाणी खालून शिरते आणि गरम पाणी वरून बाहेर पडते. त्यामुळे एकदा भरलेला गिझर सहसा रिकामा होत नाही. पण नवा गिझर आधी भरावा लागतो.

तर मंडळी, एवढे लक्षात ठेवा :

१. आधी पाणी, मग आग.
२. कुकरचे बूच गेले, तर त्याच जातीचे नवे आणा. स्क्रू, लाकूड, चिंधी कधी कोंबू नका.
३. बूच का गेले, ते शोधा. पाणी कमी होते काय? नळी तुंबली होती काय?
४. कोरड्या तापलेल्या भांड्यात पाणी ओतू नका. आधी निवू द्या.
५. नव्या गिझरच्या नळातून पाण्याची सलग धार येईपर्यंत बटण दाबू नका.

त्या दिवशी मी स्क्रू खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी बांद्याला जाऊन बूच आणले. तोवर वाटाणे टोपात शिजवले. वेळ लागला खरा, पण घरातली सर्व माणसे सुखरूप जेवली.