रुक्मिणीच्या सख्या

वेळापूरच्या अर्धनारीनटेश्वर मंदिरातले शिलालेख मराठीत आहेत. देवगिरीच्या रामदेवराय यादवाच्या राजवटीतले, शके १२२२ च्या, म्हणजे इ. स. १३०० च्या सुमाराचे. ब्रह्मदेवराणा या यादव अधिकाऱ्याचं नाव त्यात येतं. गावात वीरगळही आहेत, लढताना पडलेल्या पुरुषांची आठवण ठेवणारे. त्या काळच्या बायकांचं काय, त्या काय बोलत होत्या, कशासाठी भांडत होत्या, हे शोधायचं तर दगड सोडून पोथ्यांकडे वळावं लागतं. माळशिरस, नातेपुते, बरड करत ज्ञानोबांच्या पालखीमार्गाने उलट चालत गेलं की फलटण येतं, महानुभाव पंथाचं मोठं क्षेत्र. या पंथाच्या पोथ्यांत बायकांचा एक मेळा नावानिशी जिवंत आहे: बाइसा, उमाइसा, आबाइसा, आणि सगळ्यांत ठसठशीत महदाइसा. ब्रह्मदेवराण्याचा लेख कोरला गेला त्याच्या दहा-पंधरा वर्षं आधी महदाइसा वऱ्हाडात ऋद्धिपूरला बसून मराठीत गात होती. आणि ती गात होती रुक्मिणीचं लग्न.

या पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामींनी बायकांना नुसतं दर्शन दिलं नाही, शिष्य म्हणून घेतलं. भिक्षा, अटन, एकांतवास, चर्चा हा सगळा आचार त्यांनाही होता. विटाळाचा प्रश्न निघाला तेव्हा चक्रधरांनी दिलेलं उत्तर लीळाचरित्रात, त्यांच्या आठवणींच्या ग्रंथात, आहे: देहाच्या बाकीच्या द्वारांतून जसं काही वाहतं तसंच हे, मनात किंतु धरू नये. तेराव्या शतकातलं हे उत्तर आजही कित्येक घरांत पोहोचलेलं नाही. त्याच काळात देवगिरीच्या दरबारी हेमाद्री ‘चतुर्वर्गचिंतामणी’त व्रतांचा डोंगर रचत होता, आणि ती व्रतं पाळण्याचा भार कुणावर पडला हे सांगायला नको. बायका या साधूच्या मागे जातात, हा चक्रधरांवरचा मोठा राग होता, असं महानुभाव ग्रंथ सांगतात. त्यांचा छळ झाला, आणि १२७४ च्या सुमारास ते उत्तरेकडे निघून गेले.

मग सगळा परिवार ऋद्धिपूरला त्यांचे गुरू गोविंदप्रभूंकडे गेला. पुढे नागदेवाचार्यांनी पंथ सांभाळला. ‘स्मृतिस्थळा’त त्यांची एक आठवण आहे. केशोबासांसारखा पंडित संस्कृतात लिहू लागला तेव्हा आचार्यांनी त्याला थांबवलं. कारण काय, तर संस्कृतात लिहिलं की आपल्या म्हाताऱ्या त्याला मुकतील. मराठीच्या अभिमानाची भाषणं आपण पुष्कळ ऐकतो. पण मराठीत लिहा, कारण समोर बसलेल्या म्हाताऱ्या बायकांना कळलं पाहिजे, हा आग्रह मला त्या सगळ्यांपेक्षा मोठा वाटतो. या म्हाताऱ्यांमुळे एका पंथाची ग्रंथभाषा ठरली.

महदाइसा ही नागदेवाचार्यांची चुलत बहीण. घराणं विद्वानांचं, पण हिच्या वाट्याला बालवैधव्य आलेलं. लीळाचरित्रात ती सारखी प्रश्न विचारताना दिसते. एक उत्तर मिळालं की त्यातून दुसरा प्रश्न काढते. चक्रधर खुलून सांगतात. तिच्या चौकसपणाचं कौतुक नागदेवाचार्यांनीही केलेलं आहे.

ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू म्हणजे वेडाच्या पांघरुणाखालचे सिद्धपुरुष. लहान मुलासारखे हट्ट करत, आणि गाव ते पुरवत असे. एकदा त्यांनी लग्नाचा हट्ट धरला. भक्तांनी लग्नाचा थाट मांडला. लग्न म्हटलं की धवळे हवेत, वराला उद्देशून गायची मंगलगीतं. ते गायला महदाइसा पुढे झाली. तिने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाची कथा धवळ्यांत बांधली. महदाइसालाच महदंबा म्हणतात, म्हणून हेच ‘महदंबेचे धवळे’. गोविंदप्रभूंचं निर्याण १२८७ च्या सुमाराचं, म्हणजे लग्नात गायलेले धवळे त्याच्या आधीचे. मराठीची पहिली ज्ञात कवयित्री हा तिचा मान इथून येतो. ‘मातृकी रुक्मिणीस्वयंवर’ ही तिचीच दुसरी रचना, वर्णमालेतल्या अक्षरांच्या क्रमाने गुंफलेली.

इथे जरा थांबायला हवं. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळापर्यंत विधवेला मांडवात पाऊल टाकायची चोरी होती. हळदीला तिचा हात नको, ओटीला नको, मंगलाष्टकांच्या वेळी तिची सावलीही नको. आणि तेराव्या शतकात एक बालविधवा भरल्या मांडवात वराच्या पुढे उभी राहून लग्नाची गाणी रचते आहे, आणि ज्याला अख्खा पंथ देव मानतो तोच ती ऐकतो आहे. मराठी कवितेत बाईचा पहिला आवाज उमटला तो असा, जिथे तिला मज्जाव होता नेमका तिथे.

रुक्मिणीच का, याचं एक उत्तर भूगोलात आहे. तिचं माहेर कौंडण्यपूर वर्धा नदीच्या काठी, ऋद्धिपुराच्याच मुलखात. दोन्ही गावं आज अमरावती जिल्ह्यात येतात. ही ऋद्धिपूरकरांच्या गावाकडची लेक. पण खरं उत्तर भागवताच्या दशम स्कंधात आहे. भाऊ रुक्मी तिचं लग्न शिशुपालाशी ठरवतो. बाप मनातून नाराज, तरी गप्प. रुक्मिणी रडत बसत नाही. विश्वासाच्या ब्राह्मणाहाती द्वारकेला निरोप धाडते, सात श्लोकांचा. त्यात आर्जव आहे, पण बेतही आहे. अंतःपुरात शिरलात तर माझ्या आप्तांचं रक्त सांडेल, हे ती ओळखून आहे. म्हणून ती सांगते, लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीला गावाबाहेर गिरिजेच्या दर्शनाला नेतात, तिथून मला न्या. जागा तिने निवडली, वेळ तिने निवडली, वर तर आधीच निवडला होता. पुढे कृष्ण रुक्मीला मारायला निघतो तेव्हा त्याच भावासाठी जीवदान मागणारीही तीच. घरदार सोडून परमेश्वराच्या मागे निघालेल्या महानुभाव बायकांना हिच्यात आपली वाट दिसली असणार, असं मला पक्कं वाटतं.

धर्मग्रंथातली बाई समोर ठेवून बायकांनी एकत्र येणं जगात इतरत्रही घडलं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ‘ऑर्डर ऑफ द ईस्टर्न स्टार’ उभी राहिली. तिच्या पाच आदर्श नायिका बायबलमधल्या, त्यांत रूथ आणि एस्तेर. पण ती फ्रीमेसन पुरुषांच्या मंडळाला जोडून उभी राहिली, आणि तिचा विधी रॉब मॉरिस या पुरुषाने रचला. ऋद्धिपूरला नायिकेचं गाणं बाईनेच रचलं, तेही सुमारे साडेपाचशे वर्षं आधी.

मग हे आपल्याला इतक्या उशिरा का कळलं? पुढच्या काळात महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे यांनी ती लिपी उलगडली, तेव्हा कुठे हे साहित्य पंथाबाहेर वाचलं जाऊ लागलं. मधल्या काळात रुक्मिणी घराघरांत पोहोचली ती नाथांमुळे. एकनाथांचं ‘रुक्मिणीस्वयंवर’ १५७१ मध्ये काशीत पूर्ण झालं, आणि लग्न जुळावं म्हणून मुली आजही त्याचं पारायण करतात. नाथांचा ग्रंथ थोरच. पण स्वतःचा वर स्वतः निवडणाऱ्या रुक्मिणीची पोथी, ‘चांगलं स्थळ येऊ दे’ म्हणून मुलींच्या हाती द्यावी, हे मला नेहमी खटकतं.

दर आषाढात ज्ञानोबांची पालखी वेळापूरला मुक्काम करते. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बायका येतात, गावातल्या बायका त्यांच्यासाठी चुली पेटवतात, रात्री भजन रंगतं. कौंडण्यपुराहून रुक्मिणीची पालखीही त्याच सुमारास पंढरीला पोहोचते. वारकरी आणि महानुभाव यांची दैवतं, आचार वेगळे आहेत आणि ते वेगळेपण दोघांनी जपलं आहे. पण रुक्मिणी दोघांची आहे, आणि महदाइसा तर मराठी बोलणाऱ्या सगळ्यांची.

ऋद्धिपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. धवळ्यांची सोप्या अर्थासह, मोठ्या टाइपातली, स्वस्त पोथी त्याने काढावी आणि भजनी मंडळांपर्यंत पोहोचवावी. धवळे गाण्यासाठीच रचले होते, एम. ए.च्या अभ्यासक्रमात ते पुरेसे राहून झाले. आणि तुमच्या घरी यंदा लग्न असेल, तर हळदीच्या दिवशी त्यातला एखादा धवळा म्हणा, आणि म्हणायला घरातल्या विधवा आत्याला, मावशीला पुढे बसवा.