मोटारीच्या अर्थिंगलाही उन्हाळ्यात पाणी हवे



एप्रिल-मे महिन्यात निपाणी, चिकोडी, हुक्केरी, बेळगाव भागातल्या विहिरी तळाला जातात. उसाला पाणी पुरवता पुरवता जीव मेटाकुटीला येतो. अशा वेळी मोटारीशेजारच्या अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता, असे कोणी सांगितले तर रागच येईल. पण त्या दोन बादल्यांवर घरच्या माणसाचा जीव अवलंबून असू शकतो. ते कसे, हे समजण्यासाठी आधी विजेची थोडी ओळख करून घेऊ.

दाब, प्रवाह आणि अडथळा

गोकाकच्या धबधब्यावर घटप्रभेचे पाणी सुमारे १७० फूट खाली कोसळते. या पडत्या पाण्याची ताकद तिथल्या सूतगिरणीने १८८७ पासून कामाला लावली. पाणी जितक्या उंचावरून पडेल, तितका त्याचा जोर जास्त. विजेच्या या जोराला व्होल्ट म्हणतात. तारेतून किती वीज वाहते ते अँपिअरमध्ये मोजतात. पाटात गवत वाढले की पाणी अडते, तसा विजेलाही अडथळा होतो. त्याला विरोध म्हणतात व तो ओहममध्ये मोजतात. हिशेब सोपा आहे: व्होल्टला ओहमने भागले की अँपिअर मिळतात. जर्मन शिक्षक ओहम याने १८२७ साली मांडलेला हा नियम विहिरीवरच्या पेटीतही तसाच लागू पडतो.

पाण्यात आणि विजेत एक फरक मात्र आहे. पाणी पाटातून पुढे वाहून गेले तरी चालते. विजेला मात्र निघाली तिथे परत यावे लागते. ट्रान्सफॉर्मरपासून निघून पुन्हा ट्रान्सफॉर्मरपर्यंत वाट पुरी झाली, तरच ती वाहते. ही परतीची वाट तारेची असू शकते, तशीच जमिनीचीही असू शकते, कारण ट्रान्सफॉर्मरची न्यूट्रल तार तिथे जमिनीत पुरलेली असते. आणि चालू तार व जमीन यांच्यामध्ये माणूस सापडला, तर वाट त्याच्या शरीरातून जाते.

मोटार का फिरते, का जळते?

तारेतून वीज वाहिली की तारेभोवती चुंबकशक्ती तयार होते, हे १८२० साली डेन्मार्कच्या ओर्स्टेडला दिसले. १८३१ साली इंग्लंडच्या फॅरडेने उलट बाजू दाखवली: तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला की तारेत वीज निर्माण होते. वीजघरातले जनित्र आणि आपली मोटार ही दोन्ही याच शोधांची लेकरे. मोटारीच्या तीन वाइंडिंगमध्ये तीन फेजची वीज आळीपाळीने चढते-उतरते, त्यामुळे आत फिरते चुंबकक्षेत्र तयार होते आणि मधला रोटर त्याच्या मागे ओढला जातो.

तीनपैकी एक फेज गेली तर फिरणारी मोटार उरलेल्या दोन फेजवर ओझे ओढू पाहते. बंद असलेली मोटार नुसती घुमते, फिरत नाही. दोन्ही वेळा वाइंडिंगमधला प्रवाह वाढतो, तार तापते व तिच्यावरचे वॉर्निशचे आवरण करपते. करपलेली तार मोटारीच्या लोखंडी अंगाला टेकली की मोटार, तिला जोडलेला पंप आणि लोखंडी पाइप, सगळ्यांतच करंट उतरतो. बाहेरून काहीच दिसत नाही.

फ्यूज आहे ना, मग भीती कशाची?

असे अनेकांना वाटते. आता हिशेब करू. ओल्या हातापायांच्या माणसाचा विरोध सुमारे १००० ओहम धरतात. एका फेजचा जमिनीशी दाब २३० व्होल्ट असतो. २३० ला १००० ने भागले की ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर.

एक मिलिअँपिअरला झिणझिण्या येतात. दहा-पंधराला हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडवत नाही. वीज माणसाला ओढून धरते असे आपण म्हणतो, पण खरे तर त्याचीच मूठ घट्ट मिटलेली असते. पन्नासच्या पुढचा प्रवाह छातीतून गेला तर क्षणभरातही हृदयाचा ताल बिघडून ते नुसते थरथरू लागते व रक्त पुढे जात नाही. आणि इथे तर २३० मिलिअँपिअर आहेत! पाच अश्वशक्तीची मोटार चालतानाच सात-आठ अँपिअर घेते, म्हणून तिला १५ अँपिअरचा फ्यूज धरू. माणसाचा जीव घेणारा प्रवाह त्याच्या पासष्टाव्या भागाइतका आहे. फ्यूजला त्याची खबरही लागत नाही. फ्यूज तार वाचवण्यासाठी असतो, माणूस वाचवण्यासाठी नव्हे.

अर्थिंग काय करते?

मोटारीच्या अंगापासून जमिनीत पुरलेल्या नळीपर्यंत जाड तार नेणे, हे अर्थिंग. अंगात उतरलेल्या करंटला माणसापेक्षा सोपी वाट द्यायची, हा त्याचा हेतू. आपले अर्थिंग व ट्रान्सफॉर्मरचे अर्थिंग मिळून पूर्ण वाटेचा विरोध ५ ओहम असेल, तर २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर वाहतील. फ्यूज उडेल, मोटार बंद पडेल आणि बिघाड आपल्याला कळेल.

आता तेच अर्थिंग उन्हाळ्यात सुकले व विरोध १०० ओहम झाला असे समजा. प्रवाह होईल अवघा २.३ अँपिअर. फ्यूज उडणार नाही. मोटारीचे अंग जवळजवळ पुऱ्या दाबाने भारलेले राहील आणि रात्री अनवाणी दारं धरणारा माणूस ओल्या हाताने पाइपला हात लावील.

माती वीज वाहून नेते ती तिच्यातल्या ओलाव्यामुळे व त्यात विरघळलेल्या क्षारांमुळे. कोरडी माती वीज फारशी नेत नाही. आपल्या काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात, तेव्हा नळीपासून मातीच सुटते. खानापूरकडच्या तांबड्या, मुरमाड जमिनीत पाणी टिकत नाही. म्हणून खड्ड्यात कोळसा व मीठ थराथराने भरतात: मीठ वाट सोपी करते, कोळसा ओल धरतो. पण पाणीच नसेल तर दोघांचाही उपयोग नाही.

काय करावे?

१. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा तरी अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतावे. नळीच्या तोंडाशी नरसाळे बसवलेले असावे.
२. थ्री-फेज मोटारीच्या अंगाला नियमाने दोन स्वतंत्र अर्थिंग लागतात. मिठाने क्लॅम्प गंजतो. तो दरवर्षी मेन स्विच बंद करून तपासावा. विरोध जाणत्या वायरमनकडून यंत्राने मोजून घ्यावा.
३. फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार घालू नये.
४. तीस मिलिअँपिअरवर तुटणारा गळती-रोधक ब्रेकर बसवावा. गेलेला व आलेला प्रवाह सारखा नसला की तो डोळ्याचे पाते लवते न लवते तोच वीज तोडतो. माणसासाठी खरे संरक्षण तेच.
५. वीज गेली की स्टार्टरमधल्या कॉइलचे चुंबकत्व जाते आणि तो आपोआप सुटतो. त्याचा दांडा दोरीने बांधून ठेवू नये. वीज अवचित परत येते, तेव्हा कोणाचा हात कुठे असेल ते सांगता येत नाही.
६. विजेच्या खांबाला वा ताणाच्या तारेला जनावर बांधू नये. बैलाच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून जमिनीत उतरलेला करंट त्याच्या छातीतून जातो.
७. तुटून पडलेल्या तारेजवळ जाऊ नये, इतरांनाही जाऊ देऊ नये. १९१२ वर कळवावे. हुक्केरी तालुक्यात १९६९ पासूनची ग्रामीण वीज सहकारी संस्था आहे, इतरत्र हेस्कॉम.

शॉक बसलाच तर

आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडावर उभे राहून कोरड्या काठीने माणसाला दूर ढकला. नुसत्या हाताने धरू नका; एकाच्या मागे दुसरा जातो तो असाच. मात्र हा उपाय मोटारीच्या विजेपुरताच. मोठ्या दाबाच्या लाइनपुढे काठीही कामाची नाही. तिथे लाइन बंद होईपर्यंत लांबच राहा.

माणूस शुद्धीवर नसेल व श्वास नीट चालत नसेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटीमीटर खोल, जोराने दाबत राहा. दुसऱ्याला १०८ वर फोन करायला सांगा. मदत येईपर्यंत थांबू नका. वाळूत पुरणे, माती चोळणे यात मोलाची मिनिटे वाया जातात. माणूस उठून बसला तरी त्याला दवाखान्यात न्यावे, कारण हृदयाचा ताल मागाहूनही बिघडू शकतो आणि आतले भाजणे वरून दिसत नाही.

विहीर तळाला गेली असली तरी त्या खड्ड्यापुरते पाणी निघतेच. आजच संध्याकाळी मोटारीकडे जाल, तेव्हा सोबत एक बादली न्यावी.