घरामागे मोठा साप राहतो, मग काय करायचे?

पावसाळा लागला की वस्तीतून एक प्रश्न हमखास येतो. घरामागे सरपणाच्या ढिगात नाहीतर बांधाच्या बिळात सात-आठ फुटांचा साप आहे, अधूनमधून दिसतो, घरात लहान मुले आहेत. त्याला मारावे की आणखी काही करावे? नंदुरबार जिल्ह्यात हे नवल नाही. शहादा-तळोद्याकडे ऊस-केळी वस्तीला चिकटून, अक्कलकुवा-धडगावकडे सातपुड्याचे जंगल, आणि आपली घरे बहुतेक गावाच्या कडेला.

आधी तो साप कोणता ते पाहू. दिवसाढवळ्या दिसणारा, लांब, सडपातळ, मोठ्या गोल डोळ्यांचा आणि माणसाची चाहूल लागताच सरसर पळणारा साप बहुधा धामण असतो. ती बिनविषारी. ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, ही निव्वळ थाप आहे. सापाला दूध ओढून पिताच येत नाही. धामण खाते उंदीर, बेडूक. नदी-नाल्याकाठी, झाडोऱ्यात जाडजूड, संथ साप पडलेला दिसला तर तो अजगर असू शकतो. त्यालाही विष नाही, पण दात मागे वळलेले असतात, त्यामुळे चावला तर जखम खोल होते. कोंबडी, शेळीचे करडू तो गिळू शकतो. भक्ष्य गिळल्यावर काही दिवस एका जागी पडून राहतो, मग निघून जातो. मादी अंड्यांवर वेटोळे घालून बसली असेल तर मात्र साधारण दोन महिने हलत नाही. तिला डिवचू नये, वनविभागाला कळवावे.

इथे एक धोका नीट लक्षात घ्या. घोणस हा अतिविषारी साप पुष्कळ लोकांना अजगराचे पिल्लू वाटतो आणि पोरे हातात उचलून घेतात. घोणशीच्या अंगावर गडद गोल-लांबट ठिपके साखळीसारखे ओळीने असतात आणि ती कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फूत्कार टाकते. अजगराचे डाग वेडेवाकडे, गोधडीच्या ठिगळांसारखे असतात. पण हा फरक लांबून पाहण्यासाठी आहे. ओळख पटली म्हणून जवळ जायचे नाही. नागही पाच फुटांचा होतो आणि दर वेळी फणा काढूनच बसलेला असतो असे नाही.

आपण भितो मोठ्या सापाला, पण माणसे मरतात ती बहुतेक लहान, न दिसणाऱ्या सापांमुळे. फुरसे जेमतेम दीड फुटाचे, दगडाखाली दडलेले. मण्यार रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, तेव्हा धड दुखतही नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, आणि घरच्यांना वाटते काहीतरी खाण्यात आले. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. त्यातले जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, आणि बहुतेक ग्रामीण भागात, दवाखान्यात न पोहोचता घरीच झालेले.

म्हणून घरामागच्या धामणीला काठी घेऊन मारायला जाऊ नका. चवताळलेला साप चावतो, आणि तो धामण नसून नाग निघाला तर? शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप मारणे गुन्हा आहे. मारला तर जोडीदार डूख धरतो, ही भीतीही खोटी. साप बाहेर असेल तर पोरांना, कोंबड्यांना आत घ्या आणि त्याला वाट मोकळी ठेवा. घरात शिरला असेल तर सगळे बाहेर या, एकाने लांबून नजर ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या नि:शुल्क क्रमांकावर फोन करा. दारू प्यालेला धाडसी गडी प्रत्येक वस्तीत एक असतोच. त्याला आधी लांब न्या.

साप तिथे का राहतो? उंदरांसाठी. एक धामण नेली तरी उंदीर राहिले तर दुसरा साप येणारच, आणि तो बिनविषारीच असेल याची हमी नाही. रॉकेल, फिनेल शिंपडण्यात पैसे घालवू नका. धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवा, खरकटे उघड्यावर टाकू नका, कुडाच्या भिंतीतली आणि ओट्याखालची भोके बुजवा. सरपण, गोवऱ्या भिंतीपासून दूर, विटांवर रचा. काढताना हात घालण्याआधी काठीने हलवा. खुराड्याला बारीक जाळी लावा. जमिनीवर झोपणे टाळा. खाट नसेल तर मच्छरदाणी अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचा. मण्यारीपासून बचावाचा एवढा स्वस्त उपाय दुसरा नाही. रात्री शौचाला जाताना बॅटरी आणि पायात बूट.

तरीही साप चावलाच तर, बिनविषारी वाटला तरी, दवाखान्यात जा. अंगठी, कडे, पैंजण लगेच काढा. हात-पाय फळी लावून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, १०८ ला फोन करा. करकचून दोरी बांधणे, ब्लेडने कापणे, तोंडाने विष ओढणे, कोंबडी लावणे, सगळे बंद. साप मारून सोबत न्यायची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच लस चालते आणि ती सरकारी दवाखान्यात मोफत आहे. भगताकडे घालवलेला तासभर पुढे कोणत्याही डॉक्टरला परत मिळत नाही. साप चावलेल्याला उपचारापासून अडवून मंत्र-तंत्र, गंडे-दोरे करणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे अडवणाऱ्याला स्पष्ट सांगा.

लस आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आज आहे का, नसेल तर जवळच्या कोणत्या रुग्णालयात मिळेल, हे आशाताईंना या आठवड्यातच विचारून घ्या. धडगावच्या पाड्यावरून घाट उतरायचा तर रात्री कोणाची गाडी मिळेल, त्याचा नंबरही. १०८ आणि १९२६ सोबत तो विहाराच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.