चौदा कॅरेटपासून कुपवाडपर्यंत

१९६२ च्या चीन युद्धात देशभर बायकांनी अंगावरचे दागिने उतरवून संरक्षण निधीला दिले. ती भावना ताजी असतानाच, जानेवारी १९६३ मध्ये, अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रण आणलं. चौदा कॅरेटच्या वरचा नवा दागिना घडवायचा नाही, असा हुकूम. सोन्यापायी परकीय चलन देशाबाहेर जाऊ नये, हा हेतू खराच होता. पण मंगळसूत्र चौदा कॅरेटचं करायला कोण तयार होणार?

आमचं जयसिंगपूर हे शाहू महाराजांनी आखून वसवलेलं व्यापाराचं गाव. इथून एका बाजूला चांदीची हुपरी, दुसरीकडे सांगली ओलांडली की खानापूर-आटपाडीचा गलाई बांधवांचा मुलूख. दुष्काळाने गाव सोडलेली ही माणसं देशभरच्या सराफ पेठांत जुनं सोनं गाळून शुद्ध करून देतात. म्हणून सोन्या-चांदीवरचा दिल्लीचा कुठलाही निर्णय आमच्या भागात थेट चुलीपर्यंत पोचतो. १९६३ नंतर सोनारांचे हात रिकामे झाले, आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. १९६६ मध्ये कॅरेटची अट सैल झाली, पण १९६८ च्या कायद्याने चिपा-बिस्किटांच्या रूपातलं सोनं सामान्य माणसाने बाळगणं गुन्हाच राहिलं. तो कायदा जायला १९९० उजाडलं. देशप्रेमाच्या नावाने प्रामाणिक कारागिराला परवाने आणि वह्यांत अडकवलं आणि चोरट्या व्यापाऱ्याला मोकळं रान दिलं, हे माझं मत आहे, आणि त्या २७ वर्षांकडे बघून ते बदलायला मला जागा दिसत नाही.

कारण सोनं येतच होतं. दुबई १९७१ पर्यंत ब्रिटिशांच्या छत्राखाली होती. लंडनच्या बाजारातलं सोनं दहा तोळ्यांच्या बिस्किटांच्या रूपात तिथं राजरोस उतरायचं आणि ती बिस्किटं लाँचमधून आपल्या किनाऱ्याकडे निघायची. कॅनव्हासच्या जाकिटाला शिवलेल्या छोट्या छोट्या कप्प्यांत ती बसवायची आणि जाकीट सदऱ्याआड घालून माणूस चालता व्हायचा. उलट दिशेने आपली चांदी बाहेर जायची. आखातात तेव्हा आपलाच रुपया चालत असे. सोन्याच्या बदल्यात गेलेले रुपये परत येऊन पौंड मागू लागले, तेव्हा रिझर्व्ह बँकेला १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या नोटा छापाव्या लागल्या. तस्करी ही पोलिसांची बाब राहिली नसून चलनाची झाली आहे, हे सरकारला तेव्हाच उमगलं होतं. तरीही उपाय शोधला तो बंदीचाच.

हाजी मस्तान, युसुफ पटेल, दमणचा बखिया ही या धंद्याची पहिली पिढी. १९७४-७५ मध्ये त्यांची धरपकड झाली, तस्करांना स्थानबद्ध करणारा कॉफेपोसा कायदा आला, आणीबाणी आली. माणसं आत गेली, पण वाट बुजली नाही. लाँचवाले, उतरवून घेणारे, ट्रकवाले आणि हप्ता घेणारे सगळे जागेवर होते.

मग १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्या संपाने बंद पडल्या. अडीच लाखांच्या आसपास कामगार रस्त्यावर आले. त्यांत सातारा, सांगली, कोल्हापूरचे किती तरी. काही गावी परतले, बहुतेकांनी मिळेल ते काम धरलं, आणि गिरणगावातल्या थोड्या पोरांना टोळ्यांनी उचललं. ती पोरं थोडीच होती हे मुद्दाम लिहितो. सगळ्या गिरणगावाला गुंड ठरवणारं लेखन पुष्कळ झालं आहे आणि तो त्या कुटुंबांवर अन्याय आहे.

त्याच सुमाराला आपल्या वायव्येला महासत्तांचा खेळ चालू होता. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. अमेरिकेने सीआयएमार्फत पैसा ओतला, वाटप पाकिस्तानच्या आयएसआयच्या हातात दिलं. चिनी बनावटीच्या बंदुका मुजाहिदांपर्यंत पोचू लागल्या आणि सरहद्दीवर अफूचं हेरॉइन करणारे कारखाने उभे राहिले. त्या हेरॉइनला युरोपात जायला एक रस्ता मुंबईतून सापडला. भारताने १९८५ मध्ये अमली पदार्थांचा कडक कायदा केला. फेब्रुवारी १९८९ मध्ये सोव्हिएत फौजा परतल्या, अमेरिकेचं लक्ष उडालं. हत्यारं, अफू आणि त्यावर जगणारे दलाल मागे राहिले. रत्नागिरी जिल्ह्यात मूळ असलेला, मुंबई पोलिसांतल्या हवालदाराचा मुलगा आणि टोळीप्रमुख दाऊद इब्राहिम तोवर दुबईत बस्तान बसवून होता.

६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली. मुंबईच्या दोन्ही दंगलींत मिळून ९०० माणसं मेल्याचं श्रीकृष्ण आयोगाने नोंदवलं. दंगलीची दुसरी लाट चालू असताना, ९ जानेवारी १९९३ च्या रात्री, रायगडच्या किनाऱ्यावर दिघीला उतरलेला शस्त्रांचा माल घेऊन ट्रक निघाले आणि म्हसळ्याजवळ गोंडघर फाट्यावर पोलिसांनी ते अडवले. बोलणी झाली. रोकड पुरेना म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवल्या गेल्या आणि ट्रक सुटले. फेब्रुवारीत शेखाडीला आरडीएक्स आणि एके-५६ उतरल्या, तेव्हा कस्टम्सच्या माणसांनीही डोळे मिटले. वर्षानुवर्षं सोनं-चांदी सोडायची सवय लागलेल्या हातांनी तेच केलं. १२ मार्चला मुंबईत १२ स्फोट आणि २५७ मृत्यू. कस्टम्सचे अधिकारी आणि पोलीस दोषी ठरले, सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल २१ मार्च २०१३ ला लागला. या सगळ्या मागोव्यात माझं मन सर्वात जास्त अडकतं ते त्या फाट्यावर. आयएसआयचा हात होता, तस्कर टायगर मेमनचा कट होता, हे सिद्ध झालं. पण तो कट हाणून पाडायची संधी एका फौजदाराच्या समोर उभी होती.

स्फोटांनंतर टोळ्यांनीही झेंडे उचलले. छोटा राजन दाऊदपासून फुटला आणि देशभक्त डॉन म्हणून मिरवू लागला. त्याचं कौतुक करणारे आपल्या भागातही भेटत. याच राजनला पत्रकार ज्योतिर्मय डे यांच्या जून २०११ मधल्या हत्येसाठी २०१८ मध्ये जन्मठेप झाली. गुन्हेगाराला धर्म किंवा राष्ट्र चिकटवलं की त्याचे बळी दिसेनासे होतात, ते असे.

आता माल समुद्रातूनच यावा असंही राहिलेलं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या एमआयडीसीतला मेफेड्रोन या अमली पदार्थाचा कारखाना पकडला, दिल्लीत साठा पकडला, आणि त्याच साखळीतला मोठा साठा सापडला जयसिंगपूरपासून जवळच्या कुपवाडात. माल लंडनला जात होता, असं तपासात पुढे आलं. महिन्याभरात मुंबई पोलिसांना कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत कारखाना मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये गलाई बांधवांच्या विट्याजवळ कार्वेच्या एमआयडीसीत आणखी एक. दुष्काळी टापूतल्या भाड्याच्या शेडमधून लंडनचा बाजार चालवता येतो, आणि तीनपैकी दोन ठिकाणी हे हुडकायला पोलीस पुण्या-मुंबईहून यावे लागले. कुठली शेड कुणी घेतली, रसायनांचे ड्रम कुठून आले, वीजबिल कुणाच्या नावावर निघतं, हे गावच्या तलाठ्यापासून एमआयडीसीच्या कचेरीपर्यंत कुणाला तरी ठाऊक असतंच. त्या कुणाला तरी विचारणारी यंत्रणा सांगली-कोल्हापूरला अजून हवी आहे.