खा-खा सुटते तेव्हा : अनावर खाण्यामागील कारणे

काही वर्षांपूर्वी उपवासकाळातील एका सायंकाळी एक तरुणी धर्मग्रामाच्या कार्यालयात मला भेटावयास आली. ही भेट प्रायश्चित्त संस्काराची नव्हती. शिवाय तिच्या संमतीने व ओळख पटणार नाही अशा बेताने हे लिहीत आहे. दिवसभर ती जवळजवळ काहीच खात नसे. रात्री घरातील मंडळी झोपली, की स्वयंपाकघरात जाऊन पावाची अख्खी लादी, उरलेला भात, बिस्किटांचे पुडे, जे हाती लागेल ते ती घाईघाईने खात सुटे. पोट दुखू लागले तरी हात थांबत नसे. मग रडू येई. "फादर, मी फार अधाशी आहे. मला आणखी कडक उपवास सांगा," ती म्हणाली. मी तिला आणखी एक जेवण सोडावयास सांगितले. महिन्याभराने ती पुन्हा आली, तेव्हा तिची अवस्था अधिकच बिकट झाली होती.

माझा सल्ला चुकला होता. तो का चुकला, हे समजून घेणे आपल्या सर्वांच्याच हिताचे आहे.

अधाशीपणा की आजार?

सणासुदीला किंवा लग्नाच्या पंगतीत चार घास जास्त खाणे हा आजार नव्हे. अनावर खाण्याचा विकार, ज्याला इंग्रजीत 'बिंज ईटिंग डिसऑर्डर' म्हणतात, त्याची लक्षणे वेगळी आहेत. थोड्या वेळात खूप अन्न खाल्ले जाते आणि त्या वेळी स्वतःवर ताबाच राहत नाही. भूक नसताना, भराभर, पोट तडस लागेपर्यंत, बहुधा एकांतात हे खाणे होते आणि नंतर स्वतःचीच किळस वाटते. असे आठवड्यातून किमान एकदा, सलग तीन महिने घडत असेल, तर डॉक्टर त्याला विकार मानतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली त्याला स्वतंत्र आजाराचे स्थान दिले. तो स्थूल व्यक्तींनाच होतो असे नाही. सडपातळ माणसालाही तो असू शकतो.

आता आपली परंपरा काय सांगते ते पाहू. खादाडपणाची गणना सात प्रमुख पापांत होते, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. परंतु संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच एक सूक्ष्म भेद केला आहे. जिभेच्या सुखासाठी, जाणूनबुजून मर्यादा ओलांडणे म्हणजे खादाडपणा, असे ते मानतात. त्या तरुणीला रात्रीच्या खाण्यात सुख मुळीच मिळत नव्हते. भीती, सवय आणि मानसिक कारणे यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, किंबहुना नाहीशीही होऊ शकते, असे ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथही शिकवतो.

उपाशी शरीर

या विकाराचे एक प्रमुख कारण ऐकून नवल वाटेल : ते म्हणजे उपासमार. १९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डॉ. अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र हाती घेण्यास नकार दिलेले हे तरुण स्वेच्छेने पुढे आले होते. युद्धानंतर उपाशी लोकांना पुन्हा कसे पोसावे, हे जाणून घेण्याचा हेतू होता. त्यांना सहा महिने निम्म्याच्या आसपास अन्न देण्यात आले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले. पण त्याहून मोठा बदल मनात झाला. ते चिडचिडे आणि एकलकोंडे झाले, दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले. पुढे पोटभर जेवण मिळू लागल्यावर त्यांपैकी काही जण अफाट खात, आणि तरीही भूक भागली नाही असे सांगत.

हे तरुण दुबळ्या मनाचे नव्हते. उपाशी ठेवलेले शरीर आपली उधारी वसूल करते, एवढाच त्याचा अर्थ. सकाळी रिकाम्या पोटी लोकल पकडायची, दुपारी डब्यात दोन काकड्या न्यायच्या, आणि रात्री खा-खा सुटली की स्वतःला दोष देऊन उद्यासाठी आणखी कडक नियम करायचा : हे चक्र आपल्या अनेक घरांत चालू असते. माझ्या सल्ल्याने त्याच चक्राला गती दिली होती.

दुखावलेले मन

दुसरे कारण मनात असते. एकटेपणा, शोक, नैराश्य, परीक्षेचा वा नोकरीचा ताण, बालपणी झालेला छळ, या वेदनांना शब्द सापडत नाहीत तेव्हा अन्न घटकाभर गुंगी आणते. काही कुटुंबांत हा विकार पिढ्यांतून येतो. आनुवंशिकतेचाही त्यात वाटा आहे.

तिसरे कारण आपल्या जिभेवर आहे. चर्चच्या पटांगणात, लग्नमंडपात "काय गं, किती जाडी झालीस!" असे आपण सहज बोलून जातो. त्या लाजेतून डाएट, डाएटमधून भूक, भुकेतून चोरून खाणे आणि त्यातून पुन्हा लाज जन्माला येते.

आपण काय करावे?

घरच्यांनी डबे कुलूपबंद करू नयेत, पहारा ठेवू नये. दिवसातून तीन वेळा, ठरलेल्या वेळी, सर्वांसोबत जेवण हा उपचाराचा पहिला पाया आहे. त्यासोबत मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी. विचार व वर्तन बदलण्यास शिकवणारी समुपदेशन पद्धती या आजारात गुणकारी ठरली आहे. शासनाची 'टेली-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

उपवासाविषयीही स्पष्ट सांगतो. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी १८ ते ५९ वर्षांच्या व्यक्तींना उपवास बंधनकारक आहे, आणि त्यातही एक पूर्ण जेवण व दोन वेळा थोडे अन्न घेता येते. आजारी माणसावर हे बंधन नाही. शंका असल्यास आपल्या धर्मगुरूंना विचारावे. योग्य कारणास्तव ते सूट देऊ शकतात वा उपवासाऐवजी दुसरे सत्कृत्य सुचवू शकतात. अशा व्यक्तीने वेळेवर जेवणे, हेच तिचे आज्ञापालन.

एलिया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला फटकारले नाही. "ऊठ, खा" म्हणत भाकर आणि पाणी पुढे ठेवले, त्याला झोपू दिले आणि पुन्हा खाऊ घातले (१ राजे १९). त्याच्या दुःखाबद्दलचा प्रश्न देवाने नंतर विचारला.

ती तरुणी आता उपचार घेऊन बरीच सावरली आहे. यंदा उपवासकाळात तिने काय सोडले, असे मी विचारले. ती म्हणाली, "एकटीने जेवणे, फादर."