गेममधल्या मशालीचं वीजबिल

'माइनक्राफ्ट'मध्ये अंधाऱ्या गुहेत शिरलं की खेळणारा आधी भिंतीला मशाल ठोकतो. गुहा उजळते. मशाल खोटी, गुहाही खोटी. पण साताऱ्यात किंवा सांगलीत ज्या घरात हा खेळ चालू आहे, तिथल्या महावितरणच्या मीटरला या उजेडाची खबर लागते का?

कधी लागते, कधी नाही. गेमचा प्रोग्रॅम त्या मशालीचा उजेड कसा मोजतो, त्यावर ते ठरतं.

माइनक्राफ्टची मूळ पद्धत काटकसरीची आहे. मशालीची प्रकाशपातळी 14. तिच्यापासून एकेक ठोकळा दूर गेलं की पातळी एकाने उतरते. हे आकडे मशाल ठोकली त्या क्षणी काढून मेमरीत ठेवले जातात. पुढे चित्र रंगवताना फक्त ते वाचायचे. त्यामुळे गुहेत एक मशाल असो वा पन्नास, एकदा लावून झाल्यावर ग्राफिक्स कार्डाच्या कामात फारसा फरक पडत नाही. मशाल विझवून बचतही होत नाही, कारण अंधारातला काळा ठिपकासुद्धा रंगवावाच लागतो.

आणि ठिपके थोडेथोडके नसतात. 1920 बाय 1080 च्या स्क्रीनवर ते 20,73,600 भरतात. सेकंदाला 60 चित्रं धरली, तर दर सेकंदाला सुमारे साडेबारा कोटी ठिपक्यांचा रंग ठरवायचा. या हिशेबासाठी चिपमधले अब्जावधी ट्रान्झिस्टर चालू-बंद होत राहतात. प्रत्येक वेळी थोडा विद्युतभार भरला जातो, रिकामा होतो आणि शेवटी त्याची उष्णता होते. गेम सुरू झाला की कॉम्प्युटरचा पंखा घोंघावू लागतो, तो ही उष्णता बाहेर टाकण्यासाठी.

2020 मध्ये याच माइनक्राफ्टच्या विंडोज आवृत्तीत 'रे ट्रेसिंग' आलं आणि मशाल महाग झाली. या पद्धतीत प्रकाशकिरण कुठे आदळतो, पाण्यावरून कसा परततो, सावली कुठे पडते, हे चित्रागणिक नव्याने मोजलं जातं. असा भार पेलणाऱ्या आरटीएक्स 4090 या कार्डाची वीजमर्यादा 450 वॉट आहे, म्हणजे 9 वॉटचे 50 एलईडी बल्ब!

तरीही रे ट्रेसिंग सुरू केल्यावर मीटर जोरात पळेलच असं नाही. गेमला चित्रांची मर्यादा घातलेली नसेल, तर कार्ड आधीपासूनच पूर्ण ताकदीने राबत असतं. काम वाढलं की ते जास्त वीज ओढत नाही, चित्रं कमी काढतं. सेकंदाला 140 ऐवजी 60, एवढाच फरक. याउलट गेम 60 चित्रांवर बांधून ठेवला आणि कार्डाला तेवढं सहज झेपत असेल, तर वाढलेलं काम थेट वॉटमध्ये दिसतं. समजा, कॉम्प्युटर 300 वॉटवरून 350 वर गेला. ज्या मीटरवर एका युनिटला 3200 इम्पल्स असं छापलेलं असतं, त्याचा लाल दिवा 300 वॉटला मिनिटाला 16 वेळा लुकलुकतो; 350 ला अठरा-एकोणीस वेळा. घरातली बाकीची उपकरणं बंद करून हा प्रयोग कुणालाही करता येईल.

या जादा 50 वॉटचा हिशेब पाण्यातही मांडता येतो. पाटण तालुक्यातल्या कोयना धरणाचं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीपलीकडे पोफळीच्या वीजघरात सुमारे पावणेपाचशे मीटर खाली उतरतं. त्यातलं एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी साधारण 1.1 युनिट वीज देतं. म्हणजे गेममधल्या त्या झगमगाटाला तासाला 45 लिटर पाणी लागलं. अर्थात, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या, औष्णिक केंद्रं आणि कोयना यांची वीज एकाच जाळ्यात मिसळते. घरात आलेली नेमकी कुणाची, हे वेगळं काढता येत नाही.

आता स्क्रीनकडे वळू. साध्या एलसीडीमागचा दिवा सतत सारखाच जळतो. समोरचे द्रवस्फटिक तो उजेड अडवतात किंवा सोडतात. तिथे लख्ख दुपार आणि मिट्ट रात्र यांचा खर्च जवळपास एकच. ओलेड स्क्रीनचा मात्र प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळा ठिपका जवळपास बंदच असतो. म्हणजे तिथे मशालीचा पिवळा उजेड खरोखर वीज खातो. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने 2021 मध्ये अशा स्क्रीनच्या फोनवर अॅप्सचा पांढरा आणि काळा अवतार ताडून पाहिला. ब्राइटनेस पूर्ण असताना काळ्याने 39 ते 47 टक्के वीज वाचली, 30 ते 50 टक्के ब्राइटनेसला फक्त 3 ते 9 टक्के.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवले जातात. हेतू मुलांच्या अभ्यासाचा आणि माणसांच्या गप्पांचा आहे, वीजबचतीचा नाही. तेही बरोबरच. गेम खेळताना मोबाइल 4 वॉट घेतो असं धरलं, तर दीड तासाची बचत 6 वॉट-तास. एक युनिट वाचायला दीडशेहून जास्त संध्याकाळी लागतील. 300 वॉटचा गेमिंग कॉम्प्युटर बंद ठेवला, तर तिसऱ्याच संध्याकाळी ते युनिट वाचलेलं असेल.