लव्हाळ्याचे सावलीतले भाऊबंद

भवानीनगरच्या छत्रपती सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेल्या काळ्या जमिनीत ज्याने उसाची लागण केली आहे, त्याच्यापुढे लव्हाळ्याचे कौतुक करणे धाडसाचे आहे. कारण खुरप्याने पाती छाटली तरी मातीखाली साखळीसारख्या गुंफलेल्या गाठी शाबूत राहतात, आणि नांगराने ती साखळी तोडावी, तर एकेका गाठीचा स्वतंत्र संसार उभा राहतो.

तरीही या कुळाची कैफियत ऐकून घ्यावी, अशी माझी विनंती आहे. हे गवत नव्हे. लव्हाळ्याचा दांडा दोन बोटांत धरून फिरवला की त्याच्या तीन कडा स्पष्ट जाणवतात. गवताचा दांडा सहसा गोल असतो. दिवाळीच्या उटण्यातला सुगंधी नागरमोथा याच कुळातला, प्राचीन इजिप्तने ज्यावर लिहिले तो पपायरसही याच कुळातला. आणि ज्यांची पालखी दर वर्षी सणसरवरून पंढरीस जाते, त्या तुकोबांनी नम्रतेच्या दृष्टांतासाठी लव्हाळाच निवडला.

शेतातल्या लव्हाळ्याला सावली सोसत नाही. ऊस वाढून सरी झाकली गेली की त्याचा जोर ओसरतो. उलट आफ्रिकेच्या मुलखातून आलेला त्याचा एक भाऊबंद, ज्याला रोपवाटिकेत ‘अंब्रेला पाम’ म्हणतात (ताडाशी त्याचे काहीही नाते नाही), तो घरामागच्या आंब्याच्या विरळ छायेत, जेथे गुलाब रुसतो आणि जमीन सदैव ओलसर राहते, तेथे छातीभर उंच होऊन हिरव्या छत्र्या उघडतो. कुजलेले शेणखत, बुडाशी पाचटाचे आच्छादन आणि खंड न पडणारी ओल, एवढीच त्याची मागणी. याच कुळातल्या जपानकडच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या जाती चित्रांत मोहक दिसतात; पण आपल्या वैशाखात त्यांच्यावर पैसे घालू नयेत.

अंब्रेला पामची रोपे करण्याची रीत मोठी विलक्षण आहे. पक्व छत्री चार बोटे दांड्यासह कापावी, पाने निम्मी छाटावी आणि ती पाण्याच्या परातीत उलटी, पाने खाली व दांडा वर, अशी ठेवावी. दोन-तीन आठवड्यांत पानांच्या बेचक्यांतून पांढरी मुळे सुटतात आणि त्यांच्यालगत कोवळे हिरवे कोंब डोके काढतात. ते मातीच्या कुंडीत लावावे, आणि कुंडी हौदाकाठी ठेवावी. शेताच्या पाटाशी मात्र कदापि नको, कारण वाहत्या पाण्यात शिरकाव मिळाला की हाही आपल्या कुळाचा गुण दाखवतो.